शोपँचा ई मायनर प्रेल्यूड (ओपस २८, क्र. ४): पियानोवरच्या या छोट्या रचनेत डावा हात जड पडतोय, सल्ला हवा

खर्जातला: सूर सगळे बसलेत, पण डाव्या हाताच्या (एकत्र दाबलेल्या सुरांच्या) कॉर्ड्‌सखाली उजव्या हाताची चाल बुडते. सूर लांबवणारं पेडल पायाने धरलं की चिखल, सोडलं की कोरडं. लय किती ठेवावी? आणि यानंतर कोणता घ्यावा?

अर्धस्वर: आधी लय. बारमध्ये (तालाच्या एका खंडात) मात्रा चार नाही, दोन मोजा. बार फक्त २५ आहेत. क्वार्टरला, म्हणजे बारच्या चौथ्या हिश्श्याला, मिनिटाला ५० धरलं तर बरोबर दोन मिनिटं होतात. त्याहून फार संथ गेलात तर उजव्या हाताचा लांब बी हा स्वर पुढच्या सी स्वरापर्यंत टिकतच नाही.

खरी मेख तिथेच आहे. सी वाजवायचा तो बी विरत विरत जिथे आलाय त्या आवाजात, बीच्या मूळ ठोक्याइतका नाही. तो उसासा आहे, नवा शब्द नाही.

आता डावा हात. प्रत्येक बदलाला कॉर्ड एकदाच दाबून सबंध तुकडा वाजवा आणि कोणतं बोट अर्धा स्वर खाली घसरलं ते ऐका. त्या बोटाला किंचित वजन, बाकीची नुसती टेकलेली. मग आठ-आठ ठोके घाला. बोटं पियानोच्या पट्टीवरून उचलू नका. मात्र अपराइटवर (उभ्या पियानोवर) पट्टी ग्रँडपेक्षा (आडव्या पियानोपेक्षा) जास्त वर येऊ द्यावी लागते, नाहीतर मधले ठोके मुके जातात.

पायपेटी: पेडल कॉर्डसोबत दाबताय, म्हणून चिखल. कॉर्ड वाजताना पाय वर, लगेच नंतर खाली. स्वर बदलला की पेडल बदललंच पाहिजे. कीबोर्डसोबत मिळणारं साधं पेडल बहुधा चालू-बंद एवढंच जाणतं, त्यावर पेडल अर्धंच दाबण्याच्या नादी लागू नका.

१६व्या बारपासून स्ट्रेट्टो (लय पुढे रेटण्याची खूण) आहे. तिथे डावा हात बडवला की सगळं संपलं, जोर उजव्याला द्या.

अर्धस्वर: आणि २३व्या बारमधली शांतता! पाय पूर्ण वर. त्याआधीच्या कॉर्डचा खर्ज बी फ्लॅट आहे. एवढा वेळ घसरत आलेला खर्ज शांततेनंतर अर्धा स्वर चढून बीवर येतो. घाईने शेवटच्या तीन कॉर्ड्‌स वाजवल्या तर ते कळतच नाही.

खर्जातला: पुढचा याच ओपसमधला ७वा प्रेल्यूड घेऊ का? १६च बार आहेत.

पायपेटी: दिसतो सोपा, पण १२व्या बारची कॉर्ड लहान हाताला पुरत नाही. ६वा घ्या, बी मायनर. चाल डाव्या हातात, चेलोसारखी, आणि कॉर्ड्‌स उजव्यात: तुमचा आत्ताचा प्रश्न उलटा करून. १८४९मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला तुमचा ४था आणि हा ६वा, दोन्ही ऑर्गनवर वाजले होते.