संशोधन समितीत सहनिमंत्रक म्हणून बोलावलंय, हो म्हणू का?

बिंदुसरा_काठ
नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात एका अनुदानित कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, नऊ वर्षं झाली. आमच्या विषयाची एक अखिल भारतीय संघटना आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही), तिच्यात ग्रामीण समाजावरची जी संशोधन समिती आहे तिच्या निमंत्रक मॅडमचा परवा फोन आला, सहनिमंत्रक म्हणून येतेस का, दोन वर्षांची मुदत आहे. मी तोंडभरून हो म्हणणार होते पण रात्रभर झोप लागेना. आठवड्याला 16 तास शिकवणं, एनएसएस माझ्याकडे, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल माझ्याकडे, मुलगा पाचवीत. प्राचार्य म्हणाले, करा, पण प्रमोशनला उपयोग काय ते आधी बघा.
आणि खरं सांगायचं तर दुसरीच भीती जास्त आहे. इंग्रजी वाचते नीट, पण चारचौघांत बोलताना अडखळते आणि तिथे दिल्ली-हैदराबादची मोठमोठी माणसं. या समितीत नक्की काम काय असतं, कोणी केलंय का?

जुना_निमंत्रक
मॅडम, मी दुसऱ्या एका विषयाच्या परिषदेत दोन टर्म केलंय, आता रिटायर आहे. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच, मोठी संघटना असली की विषयावार समित्या पाडतात, तुमच्या आंतरराष्ट्रीय सोशिऑलॉजिकल असोसिएशनमध्ये तर अशा 50 हून जास्त आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने फारसं काही नसतं. वार्षिक अधिवेशनाची थीम ठरली की समितीने आपले उपविषय काढायचे, निबंधांचे गोषवारे (अ‍ॅबस्ट्रॅक्ट) मागवायचे, मग शेवटच्या तारखेच्या रात्री मेलबॉक्स भरून वाहायला लागतो. आमच्याकडे 60-70 अ‍ॅबस्ट्रॅक्ट यायचे. ते वाचायचे, निवडायचे, सत्रं लावायची, अध्यक्ष शोधायचे, कोण येणार कोण नाही याचे फोन, आणि अधिवेशनात पंधरा मिनिटं झाली की वक्त्याला चिठ्ठी द्यायची. नंतर सर्वसाधारण सभेला अहवाल.
यातलं वाचणं हेच खरं काम, बाकी सगळी धावपळ कोणीही करतं. मी एक शीट ठेवली होती, पहिल्या रकान्यात फक्त नंबर, नाव-गाव-कॉलेज वेगळ्या फाइलमध्ये, आणि शेवटचा रकाना "कारण". निवडलेल्यालाही कारण, नाकारलेल्यालाही. तो शेवटचा रकाना भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा काढता येत असेल तर खुशाल हो म्हणा, नसेल तर म्हणू नका, कारण तो रकाना रिकामा राहिला की समिती म्हणजे नुसती लेटरहेडवरची नावं.

टेबल_क्र_2
प्राचार्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या रेग्युलेशनमध्ये पेपर वाचनाला राष्ट्रीय पातळीवर 3 गुण, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5. सामाजिक शास्त्रात पिअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या) जर्नलमधल्या पेपरला 10. समितीत बसून साठ अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचले त्याचा वेगळा रकानाच नाही तिथे. म्हणजे प्रमोशनचा हिशोब करून जाणार असाल तर जाऊ नका.
पण एक करा, नेमणुकीचं पत्र लेटरहेडवर, सहीनिशी मागून घ्या आणि ते जोडून ड्युटी लीव्हचा अर्ज आधीच द्या. तोंडी परवानगीवर गेलात तर परत आल्यावर रजा आपल्या खात्यातून जाते, माझ्या गेल्या आहेत.

कोयता_आणि_कागद
ताई, मी अजून पीएचडीच करतेय, समितीतलं मला काही माहीत नाही पण पलीकडच्या बाजूने सांगते. माझा पहिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट होता "ऊसतोड महिलांच्या समस्या". माझे आईवडील ऊसतोडीला जायचे म्हणून विषय घेतलेला, आणि लिहिताना सगळं पुस्तकातलं लिहिलं, शोषण, दारिद्र्य, वंचितता. नाकारला. पण त्या मेलमध्ये खाली तीन ओळी होत्या, मराठीत. की कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे तू लिहिलंयस, मग मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणाच्या हातात पडते, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशोबाला कोण बसतं, बाईला विचारलं जातं का, एवढंच शोध आणि पुढच्या वर्षी पाठव.
मी घरी जाऊन आईलाच विचारलं. ती म्हणाली, उचल किती घेतली ते मला फडावर गेल्यावर कळायचं.
आज माझं तिसरं प्रकरण याच्यावर उभं आहे. ती मेल कोणी लिहिली मला माहीत नाही, खाली फक्त समितीचं नाव होतं. तुम्ही बीडकडच्या दिसताय नावावरून, बिंदुसरा नदी तिथलीच ना, तुमच्यासारखं माणूस तिथे नसेल तर कोयता म्हणजे काय हे कोणाला कळणार? इंग्रजीचं मनावर घेऊ नका ताई.

फक्त_वाचक
एक कटू अनुभव पण लिहितो, माझा विषय पूर्ण वेगळा. ज्या समितीत होतो तिथे अध्यक्षांच्या विद्यार्थ्यांचे अकरा पेपर आले आणि अकराही घेतले, दोन तर एकमेकांची कॉपी वाटत होते. मी मीटिंगमध्ये बोललो, पुढच्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं. तरी बोललो याचं वाईट वाटत नाही. आपला विद्यार्थी, आपलं कॉलेज, आपला नातेवाईक असेल तो पेपर आपण वाचायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

जुना_निमंत्रक
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. आणि मॅडम, इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी 1951 साली उभी राहिली ती मुंबईतच, उभी करणारे समाजशास्त्रज्ञ घुर्ये मूळचे मालवणचे. मोठ्या व्यासपीठावर आपण परके आहोत असं तुम्ही तरी समजू नका. अडखळलात तर हिंदीत बोला, खोलीतले निम्मे लोक सुटकेचा श्वास सोडतील.

बिंदुसरा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कोयता ताई, तुझ्या आईचं वाक्य वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले, आमच्या गल्लीतली अर्धी घरं दिवाळीनंतर बंद असतात.
आज दुपारी मॅडमना फोन केला. हो म्हटलं, पण दोन गोष्टी आधी बोलून घेतल्या, नाव झाकून वाचायचं आणि नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवायचं. मॅडम म्हणाल्या, पहिली लगेच मान्य, दुसरीला माणूस नाही, तूच करणार असशील तर कर. घेतलं अंगावर. नॅकची फाइल जूनपासून दुसऱ्या सरांकडे द्यायची विनंती प्राचार्यांना लेखी दिलीये.
जुने निमंत्रक सर, ती शीट कोरी करून पाठवाल का? रकाने तसेच ठेवा.