किरायाचा फ्लॅट : महिन्याला सव्वादोन क्विंटल सोयाबीन

पांदणरस्ता

मी आर्वी तालुक्यातला. सात एकर वावर, एक विहीर, घरी म्हातारी आई. दोन वर्षं झाली, लेकरांच्या शिक्षणासाठी (पोरगा अकरावीत) बायको आणि दोन्ही लेकरं वर्ध्याला किरायानं राहतात. वर्ध्याला म्हणजे शहराला खेटून असलेल्या एका ग्रामपंचायतीत. तिथं आधी तूर उभी असायची, आता लेआउट पडून चार-चार मजली अपार्टमेंट उभे झालेत. मी शनिवारच्या शेवटच्या गाडीनं जातो, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. हरभऱ्याचं ओलीत चालू असलं आणि लाईनची पाळी रात्रीची आली, की तेही जमत नाही. 31 मे ला करार संपतो. घरमालकानं हजार रुपये वाढवून मागितले, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत सरळ आहे. ज्याचं पोट शेतीवर आहे त्यानं अपार्टमेंटमध्ये किरायानं राहू नये.

किराया 8200, मेंटेनन्स 800, झाले नऊ हजार. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 होता, पण मला दिवाळीआधी पैसा पाहिजे होता. खरेदी केंद्राची वाट न पाहता चार हजारानं देऊन मोकळा झालो. म्हणजे महिन्याला सव्वादोन क्विंटल, वर्षाला सत्तावीस. एकरी मला साडेपाच झालं. सातातले पाच एकर मी घरमालकासाठी पेरतो, असाच त्याचा अर्थ.

पैसा एक वेळ जाऊ द्या. घरच्या गव्हाचं पोतं लिफ्टमध्ये न्यायचं नाही, चार मजले खांद्यावर. गच्चीला कुलूप, म्हणून बायकोच्या कुरडया दोन उन्हाळे झाले गावी आई करते. खिडकीत कूलर लावायचा नाही, पाणी गळून खालच्यांच्या भिंतीवर डाग पडतात म्हणे. आम्ही सगळ्यात वर, स्लॅबखाली, आणि मे महिना वर्ध्याचा. मागच्या साली लेकरं फरशीवर पाणी टाकून झोपली. मालक स्वतः राहतो त्या फ्लॅटला मेंटेनन्स 500, किरायदाराला 800. पाणी तेच, जिना तोच.

आणि गेटवर रजिस्टर. वॉचमन मला ओळखतो, माझ्या वावरातली वांगी त्यानं खाल्ली आहेत, तरी दर शनिवारी विचारतो, "कोणाकडे?" माझ्याच बायकोच्या घरी जायला मी सही करतो.

त्यापेक्षा आर्वीच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या तीन हजारात मिळतात. आंगण असते, ओळखीची माणसं असतात, ढोरांना वैरण टाकून मी रात्री जाऊन सकाळी परत येऊ शकतो. कोणाला पटत नसेल तर सांगा.

बोंडअळी

भाऊ, तुमी बरोबर लिवलं. आमी बी अमरावतीले एक वर्स असेच राह्यलो. माह्या बुढ्याले दवाखान्यासाठी आनलं होतं. थो रोज सकाळी खाली जाऊन गेटपाशी बसे, वॉचमनसंग तंबाखू मळे. कमिटीनं चिठ्ठी धाडली का "आपले वडील प्रवेशद्वारात बसतात." आता जल्मभर पारावर बसेल मानूस, बसन नाई त काय करन? शेजारच्याचं नाव आमाले सा महिन्यानं समजलं, थे बी त्याच्याकडं मयत झाली तवा.

तिसरा मजला

दादा, तुम्ही शनिवारी येता आणि सोमवारी जाता. मधले पाच दिवस तिथं काय असतं, ते तुमच्या लिहिण्यात कुठंच नाही.

मी कळंब तालुक्यातली. पाच वर्षांपासून यवतमाळला अशाच एका अपार्टमेंटमध्ये आहे, मुलीच्या शाळेसाठी. त्याआधी एक वर्ष तुम्ही म्हणता तशा जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांत काढलं. आंगण होतं, खरं आहे. त्या आंगणात चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता आणि सकाळी हातात डबा घेऊन माझी सातवीतली मुलगी घरमालकाच्या पोरांसमोर रांगेत उभी राहायची. घरमालकीण आमच्या दारातून जाताना गंजात काय शिजतंय ते बघून जायची. भाऊ भेटायला आला तर "हे कोण?" हे अख्ख्या वाड्याला सांगावं लागायचं. तुम्हाला रजिस्टरात एक सही करावी लागते म्हणून राग येतो. आम्ही तोंडी सही रोज करत होतो.

फ्लॅटमध्ये मी दार लावते आणि दार लागलेलं राहतं. नळ घरात, संडास घरात. मुलगी शिकवणीतून आठ वाजता येते तेव्हा जिन्यात लाईट असतो. महिन्याच्या चार दिवसांत मला कोणी बाजूला बसवत नाही. गावात माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या, पण हे त्यांना कधी जमलंच नसतं.

कुरडयांचं मलाही वाईट वाटतं. पण कुरडया बाजारात मिळतात.

एक विचारते. वहिनींचं म्हणणं काय आहे?

चिटणीस नाइलाजाने

मी अशाच एका अपार्टमेंटचा चिटणीस आहे. मीटिंगला मी उशिरा पोहोचलो आणि उरलेलं पद माझ्या गळ्यात पडलं, त्यामुळे मला रुबाब वगैरे काही नाही. पण पोत्यांचं सांगतो. आमच्याकडं एकानं एका खेपेत तुरीची चार पोती चढवली, वर स्वतः आणि भाचा. लिफ्टचं दार वाकलं. दुरुस्तीचे चौदा हजार सगळ्यांनी भरले, तो किरायदार पुढच्या महिन्यात खोली सोडून गेला. तेव्हापासून पाटी लागली. तुमच्या एका पोत्यानं काही होत नाही हे मलाही समजतं, पण पाटीवर "एक पोतं चालेल, चार नाही" असं लिहिलं की रोज गेटवर मोजणी करायला मीच.

गच्चीवर सौर हिटरचे पाईप आहेत, डांबर टाकून गळती बंद केली आहे. त्यावर खाट ओढली की पावसाळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये ठिबकते. आणि वरच्या फ्लॅटमध्ये तुम्हीच राहता.

मेंटेनन्सच्या फरकाचं मात्र मी समर्थन करणार नाही. ते आमच्याकडंही आहे आणि मीटिंगमध्ये मालक लोक हात वर करून ते पास करतात. किरायदाराला मत नसतं, तेव्हा ते पास होणारच.

पांदणरस्ता

चिटणीस साहेब, गच्चीचं कुलूप सगळ्यांना सारखं असतं तर मी बोललो नसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मालकीणबाईचे पापड वर वाळत होते, मी डोळ्यानं पाहिले. चावी त्यांच्याकडं असते.

ताई, तुमचं बाकीचं मी वाचलं. उत्तर देतो, जरा वेळ द्या.

दस्तवाला

800 आणि 500 च्या फरकावर दोन शब्द, कारण इथं लोक घोळ करतात.

तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते आधी विचारा. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था असेल, तर 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश लागू होतो. मालक स्वतः राहत नसेल तर संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या (मेंटेनन्समधला रोजच्या सेवांचा भाग) 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पाचशे सगळे सेवाशुल्कच धरले तरी पन्नास रुपये होतात, तीनशे नव्हे. तेही सभासदाकडून, म्हणजे तुमच्या घरमालकाकडून. त्यानं ते तुमच्याकडं ढकललं हा तुमचा आणि त्याचा व्यवहार.

पण विदर्भात बऱ्याच इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. मालकाच्या हातात "अपार्टमेंट डीड" असतं. तिथं 2001 चा आदेश दाखवून उपयोग नाही, इमारतीच्या घोषणापत्रासोबत जोडलेली उपविधी, म्हणजे तिची नियमावली, काय म्हणते ते पाहावं लागतं. ती मागा. बहुतेक कमिट्यांनी ती स्वतःच वाचलेली नसते, मागितली की आवाज खाली येतो.

दुसरं, करार. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून अकरा महिन्यांचा कागद केला असेल, तर तो नोंदणीकृत करार नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, जबाबदारी घरमालकाची. नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोटं पाडावं लागतं. मात्र हा कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांनाच लागू आहे, त्यामुळे ग्रामपंचायत हद्दीत त्यावर फार उड्या मारू नका. नोंदणी मात्र कराच. तुमच्या अकरा महिन्यांच्या किरायावर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं अडीचशेच्या आसपास, ग्रामीण भागात नोंदणी फी 500. कूलर, गच्ची, पोतं, मेंटेनन्स कोण भरणार, सगळं त्यात लिहून घ्या. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतात तेही.

कर्जातली मालकीण

वाचून वाटतं घरमालक म्हणजे सावकार. मी माझ्या नावावर एक फ्लॅट घेतला आहे, नागपूरला बेसा भागात. बँकेचा हप्ता सोळा हजार, किराया येतो नऊ. वरचे सात मी पगारातून भरते. मागच्या किरायदारानं कूलरमध्ये रात्रभर पाईप सोडून ठेवला, खालच्या बाईंच्या छताचा रंग मी लावून दिला. म्हणून माझ्याही करारात "खिडकीत कूलर नाही" असं आहे. गॅलरीत, खाली ट्रे ठेवून, स्वतःच्या लोखंडी स्टँडवर ठेवा म्हटलं तर मी कधीच नाही म्हणणार नाही. पांदणरस्ता भाऊ, तुम्ही गॅलरीचं विचारलं होतं का?

अपडाऊन मास्तर

मी उलट्या दिशेनं जाणारा. जिल्हा परिषद शाळेत आहे, राहतो वर्ध्याजवळ फ्लॅटमध्ये, रोज बत्तीस किलोमीटर जाणं, तितकंच येणं. घरभाडं भत्ता मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहतो म्हणून मिळतो, त्यासाठी 2019 पासून ग्रामसभेचा ठराव मागतात. तो कसा मिळतो ते विचारू नका.

गावात राहायला मी तयार होतो, खरंच. गावात किरायानं घरच नाही. सरपंचांनी दाखवलेली खोली गोठ्याला लागून होती आणि तिचं पत्र्याचं दार बंद करायला बाहेरून दगड. गावात घर बांधतात ते राहायला, किरायानं द्यायला नाही. म्हणून आम्ही सगळे शहराच्या कडेच्या त्याच चार इमारतींत गोळा होतो आणि मग किराया वाढतो.

बोंडअळी

मास्तर, तुमी गावात राह्यले असते त या भाऊची लेकरं वर्ध्याले काहून गेली असती? तुमच्याच मागं मागं गेली थे.

अपडाऊन मास्तर

अकरावी सायन्स आणि सीईटीची शिकवणी मी चौथीच्या वर्गात घेत नाही हो. पण राग समजला.

पांदणरस्ता

आता ताईंचं उत्तर.

वहिनींना विचारलं का, हे तुम्ही विचारलं. नव्हतं विचारलं. किरायाची वाढ ऐकली आणि मी रागानं लिहून टाकलं.

आणखी एक गोष्ट मी हिशोबात धरली नाही, ती सांगणं भाग आहे. बायको तिथं शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको. अपार्टमेंटमधल्याच बायका येतात. महिन्याला चार हजार सुटतात, लग्नसराईत जास्त. गावी मशीन होती, पण गावात कोण देणार ब्लाउजचे अडीचशे? म्हणजे सव्वादोन क्विंटलातलं एक क्विंटल ती भरते. लिहिताना मला ते आठवलं नाही असं नाही. तो पैसा घरखर्चात जातो म्हणून मोजला नाही.

तरी माझं म्हणणं मी मागं घेत नाही. रजिस्टरात सही करताना कसं वाटतं ते सही करणाऱ्यालाच ठाऊक. आर्वीत असते तर रात्री विहिरीवरून येऊन लेकरांना झोपलेलं तरी पाहिलं असतं. आई विचारते, नातू किती उंच झाला, तर मी हात वर करून दाखवतो.

तिसरा मजला

हे आधी लिहिलं असतं तर मी इतकं टोकाचं लिहिलं नसतं. आईंना घेऊन जा एकदा दोन दिवसांसाठी. 75 च्या वर असतील तर एसटीचं तिकीटही लागत नाही. आणि वहिनींना येताना अर्धं.

बोंडअळी

आईले नेसान त गेटपाशी बसू देजा, चिठ्ठी आली त आमाले सांगा.

चिटणीस नाइलाजाने

आमच्याकडं आम्ही गेटजवळ एक बाक टाकला आहे, लोखंडी. दोन वर्षं भांडून पास झाला. पहिली बसली ती सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्याची आई.

पांदणरस्ता

काल वर्ध्याला जाऊन आलो. पोराच्या मोबाइलवर बायकोनं हे सगळं वाचलं, मास्तरांच्या दगडाला हसली. किरायाबद्दल घरमालकाशी तिनंच बोलणी केली होती, मला न सांगता. हजाराची वाढ पाचशेवर आली आहे, आणि करार यावेळी नोंदवायचा असं तिनं त्याला सांगून टाकलंय. पोरगा बारावीत जातोय, मधे शाळा हलवणार नाही, म्हणते.

मेंटेनन्सचं उपविधी पाहून बोलू. गॅलरीचं मी विचारलं नव्हतं, मालकीणताई. तिनं विचारलं. ट्रे ठेवला तर चालेल म्हणाला.

निघताना तिनं चिठ्ठी दिली, स्टँडचं माप : उंची अडीच फूट, रुंदी दोन, पाय पुढं थोडे आखूड, कारण गॅलरीला उतार आहे. आर्वीत वेल्डिंगवाला आहे ओळखीचा. लिफ्टमधून स्टँड जाईल का, एवढं फक्त कोणी सांगा.