शेवटची पानं न वाचणारं कोणी आहे का इथे?

महालची_लेक: माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' कादंबरी मी किमान पाच-सहादा हातात घेतली असेल, पण थेऊर, म्हणजे त्यांचा शेवट, जवळ आलं की पुस्तक मिटते. माधवराव १७७२ मध्ये गेले हे शाळेतच पाठ केलंय, तरी माझ्या कपाटातले माधवराव अजून जिवंत आहेत. मुलगी हसते.

इथवर ठीक होतं. आता नागपूरच्या महाल भागातलं आजोबांचं घर बिल्डरला द्यायचं भावांनी ठरवलंय. वरचा मजला वाळवीनं खाल्लाय, पावसाळ्यात माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्यांचं चुकतंय असं मी म्हणूच शकत नाही. सही माझीही हवी. कराराचा लिफाफा दिवाळीपासून फ्रिजवर पडलाय, मी तो उघडलेला नाही. पटतं, पण हात जात नाही. तुमचं असं होतं का? मग काय करता?

इतवारी_पॅसेंजर: काऊन नाही होत ताई! आमची छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली. अडीच फुटाची लाईन. सौसरला मामाकडे आम्ही तिच्यानंच जायचो. शेवटच्या दिवशी सारे दोस्त स्टेशनवर गेले, मी घरी झोपून राहिलो. त्यायनं फोटो टाकले तर ग्रुपच सोडला! आता ब्रॉडगेजनं जातो, लवकर पोचतो, अन् पोचेपर्यंत कुरकुर करतो. बायको म्हणते, गाडीपेक्षा तुमचाच आवाज जास्त. मले तर काही उपाय सापडला नाही बाप्पा.

धरमपेठ_वाचक: न मानणाऱ्यांचा एकदा विजयही झालाय. कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये आपल्या गुप्तहेर शेरलॉक होम्सला धबधब्यात संपवलं, वाचक चिडले, आणि १९०३ मध्ये त्याला होम्स जिवंत परत आणावा लागला. पण मला त्या पुनरागमनाच्या कथेतली दुसरीच गोष्ट टोचते. होम्सचा मित्र वॉटसन, त्याच्यावरही मधल्या काळात दुःख कोसळलंय, त्याचा ओझरता उल्लेख येतो. त्याची बायको गेली, असा अर्थ बहुतेक जण लावतात. तिला परत आणा, असं कोणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही. आपला हट्टही आवडत्या माणसापुरताच असतो.

थेऊर नका वाचू. कोणाचं काय अडलंय? घराचं मात्र तसं नाही, तिथे भाऊ थांबलेत. सही केली म्हणजे घर मनातून उतरलं पाहिजे असं कुठे आहे? सही करा आणि खुशाल रडा.

कोर्टाची_पायरी: रडण्याआधी लिफाफा उघडा! हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. कादंबरीचं शेवटचं पान सोडलं तर चालतं, कराराचं नाही. परिशिष्टात कोणाला किती चटई क्षेत्र, घरभाडं किती महिने, ताबा कधी, हे सगळं बघा. आणि एखादा वकील गाठा, आमच्या फुकटच्या सल्ल्यावर राहू नका.

महालची_लेक: उघडला एकदाचा. पहिल्या पानावर आजोबांचं पूर्ण नाव बघून अर्धा तास वाया गेला, ते सोडा. परिशिष्टात दोन्ही भावांना एकेक पार्किंग लिहिलंय, माझ्या नावापुढे रेघ! मोठ्याला फोन केला तर म्हणे, "तू कुठे गाडी चालवतेस?" सही अजूनही केलेली नाही, पण आता भांडण पार्किंगवरून आहे. कोर्टाची पायरी, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघाल का?