मदत हवी आहे: सव्वा वर्षाच्या मुलीसाठी सांगली-मिरजेत थेरपी आणि पुढची वाट

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी सव्वा वर्षाची आहे. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, हे आता पक्कं झालंय. सांगली, मिरज, साताऱ्याकडचं कुणी आपल्या मुलाला घेऊन या वाटेनं गेलं असेल, तर कृपया लिहा.

जन्माच्या वेळी वजन चांगलं होतं, कावीळ नव्हती, काचेत ठेवावं लागलं नाही. त्यामुळे कानांच्या तपासणीचा विषयच निघाला नाही. मला शंका आली ती बागेतल्या ब्लोअरमुळे. फवारणीचा ब्लोअर घराजवळ सुरू झाला की दुपारची झोपलेली मोठी माणसं उठून बसतात, पण ही पाळण्यात गाढ. उलट दारात कुणाची सावली पडली की लगेच मान वळवायची. म्हणून घरात सगळे म्हणायचे, हिला सगळं कळतंय. कळतंयच, पण डोळ्यांनी. आधी हुंकार द्यायची, सातव्या-आठव्या महिन्यानंतर तेही कमी झाले.

ओएईमध्ये (कानाची पहिली चाळणी तपासणी) दोन्ही कानांना ‘रिफर’, म्हणजे पुढे तपासा, असं आलं. मग झोपेचं औषध देऊन बेरा केली, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघायची तपासणी. ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. बेरावरून खालच्या पट्टीतल्या आवाजांचं नीट कळत नाही म्हणून एएसएसआर ही वेगवेगळ्या पट्ट्यांची तपासणी पण झाली. रिपोर्टमध्ये ‘तीव्र ते अतितीव्र’ लिहिलंय. दोन्ही कानांना मशीन बसवलीत. थेरपी (ऐकायला-बोलायला शिकवणं) लगेच सुरू करा आणि कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशननं कानाच्या आत बसवायच्या यंत्राची, तयारीही सोबतच ठेवा, असा सल्ला आहे.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत मशीन आणि थेरपी, हा १-३-६ चा नियम आता घरात मला तोंडपाठ झालाय. आमच्या हातून ते महिने निघून गेलेत, म्हणून आता मला अजिबात थांबायचं नाहीये. घरात मात्र ‘तिचा चुलत आजोबा चौथ्या वर्षी बोलला, थोडं थांबूया’ असं चाललंय. त्या आजोबांना ऐकू येत होतं, हिला येत नाही, एवढाच फरक मी रोज समजावते.

अजून एक. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. नात्यातलं लग्न म्हणून डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली, ते आत्याच्या फार मनाला लागलंय. मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही. पण आम्हा दोघांतही एकच दोष लपलेला असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता राहते. ते माहीत असलं तर पुढच्या बाळाचे कान पहिल्या दिवसांतच तपासून घेता येतील. घरात हे कुणी कसं सांगितलं?

बाकीच्या अडचणी: फळछाटणी सुरू झाली की यांना बागेतून हलता येत नाही. बाळाला घेऊन एसटीनं आधी सांगली, मग मिरज, हे दर आठवड्याला मी एकटी किती निभावेन? घरी नेमकं काय करून घ्यायचं? दूध पाजताना मशीन शिट्टी मारतं आणि ती ते ओढून टाकते. एकदा वैरणीत पडलं, सगळ्यांनी मिळून शोधलं. आणि एकांनी सांगितलं, तिच्याशी खुणा करू नका, नाहीतर बोलणार नाही. हे खरं आहे का? पाणी हवं का म्हणून मी अंगठा ओठाला लावते आणि ती हसते. ते बंद करायला जीव होत नाही.

प्रतिसाद (कृष्णाकाठ): ताई, आमचा मुलगा इम्प्लांटवाला आहे, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. वाळवा तालुक्यातून आम्ही हेच सगळं केलं.

शिट्टी म्हणजे मशीन खराब नाही. मोल्ड (कानात बसणारा, मापानं केलेला साचा) सैल झालाय, आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतोय. या वयात कान भराभर वाढतो, मोल्ड काही महिन्यांनी बदलावाच लागतो. मऊ सिलिकॉनचा सांगा. पाजताना कान अंगाला दाबला गेला तरी शिट्टी येते, तेव्हा बाजू बदलून बघा. दोरीची क्लिप मिळते, ती झबल्याला मागच्या बाजूनं लावा, म्हणजे ओढलं तरी खाली पडत नाही. मशीन रोज रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात तर चुकवूच नका.

सकाळी मशीन घातलं की सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. तिच्या मागे बसून, ओठ दिसू न देता, एकेक आवाज, मध्ये थांबून. कशाला डोळे हलले, कशाला हात थांबला, ते वहीत लिहा. ‘श’ आणि ‘स’ला बरेच दिवस काही होणार नाही, खचू नका. हीच वही बघून आमच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मशीन जुळवायच्या.

थेरपीच्या टेबलावर शिकवतात ते घरातच मुरतं. टीव्ही बंद करा, तिच्या कानाजवळ बसा आणि जे हातात आहे तेच बोला. भाकरी थापताना ‘थाप थाप’, उलटवताना ‘उलटली!’, मग थांबा, तिची पाळी येऊ द्या. हे आजीकडून सगळ्यात छान होतं. आमच्या आईला रोजचं काम सोपवलं आणि तिचं ‘थांबूया’ आपोआप गेलं.

कागदपत्रं आजपासूनच धरा. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला भेटा. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा आहे, पुढे डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या लवकर निदान-उपचार केंद्राकडे, चिठ्ठी देतात. यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड काढा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी पाचच्या आतली मुलं घेतात, ते काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. पण पाच ही अर्जाची हद्द झाली. मेंदूसाठी जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून रांगेत आत्ताच नाव लावा. आधी एमआरआय, सीटी होतात, न्यूमोकोकलची लस पूर्ण लागते, कारण इम्प्लांटवाल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका जास्त असतो. आणि ऑपरेशन झालं म्हणजे ऐकू आलं असं नाही. काही आठवड्यांनी मशीन चालू करतात, मग मॅपिंग (मुलाच्या कानाप्रमाणे मशीन जुळवणं), मग परत थेरपी. वॉरंटीनंतर वायर, बॅटरी, कॉइल (डोक्याला बाहेरून चिकटणारी चकती) यांचा खर्च आपल्या अंगावर येतो. कंपनी ठरवतानाच तो लेखी मागा.

प्रतिसाद (फळा-खडू): मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. खुणा अजिबात बंद करू नका. खुणांमुळे बोलणं थांबतं, याला आधार नाही. मूल भाषेविना राहिलं तर मात्र नुकसान होतं. तुमचा ओठाला लावलेला अंगठा हा तिचा ‘पाणी’ शब्द आहे. तो करा आणि सोबत ‘पाणी’ म्हणा. भारतीय सांकेतिक भाषा दोघी मिळून शिका. इम्प्लांट झालं तरी अंघोळीला, झोपताना मशीन काढलेलंच असतं, तेव्हा तीच कामाला येते.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. अंगठ्याचं वाचून खूप बरं वाटलं. आत्याला भाकरीचं सांगितलं, ती तयार झालीय. जनुकीय तपासणीचं आम्ही दोघं डॉक्टरांसमोरच बोलू, म्हणजे तिला ते माझं बोलणं वाटणार नाही. मंगळवारी मोल्डचं माप द्यायला मिरजेला जातेय.

कृष्णाकाठ दादा, वॉरंटीनंतरचा खर्च वर्षाला साधारण किती येतो, ते सांगाल का? आणि तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून कुणी आठवड्याला मिरजेला थेरपीसाठी जात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मिळून गाडी ठरवली तर दोघांनाही परवडेल, आणि वाटेत मुलंही एकमेकांना बघतील.