मदत हवी आहे: वर-खाली होणाऱ्या जाळीची उंची कधी बदलायची?

नमस्कार मंडळी,

लाकडाच्या विस्तवावर मांस भाजायला चाक फिरवून वर-खाली करता येणारी जाळी वापरतो. पातळ तुकडे छान होतात. अडतं ते हाडासकट जाड तुकड्यांपाशी, म्हणजे कोंबडीची अख्खी तंगडी किंवा बकऱ्याची मांडी. जाळी खाली असली की चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, भडका उडतो, वरून करपतं आणि हाडालगत गुलाबीच राहतं. वर घेतली तर आतून शिजतं, पण खमंग तपकिरी थर धरत नाही, आणि तोवर निखारेही मंदावतात.

लाकूड कडक आणि खडखडीत वाळलेलं असतं. चीडसारखं राळेचं लाकूड घेत नाही, त्याच्या धुराने मांस कडवट होतं. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्याशिवाय मांस चढवत नाही. म्हणजे गडबड सरपणात नसावी.

तर आधी वर ठेवून शेवटी खाली आणावी, की उलट? आणि मोठा तुकडा होईपर्यंत आच टिकवायची कशी? मध्येच नवं लाकूड घातलं की मांसाला काजळी लागते. कोंबडीच्या बाबतीत तर अंदाजावर राहायचं नाही, खात्रीची पद्धत सांगा.

प्रतिसाद:

जाड तुकड्याला आधी वरच. जाळीच्या उंचीवर तळहात धरून पाहा. ६-७ सेकंद सहन झालं तर आच योग्य. आतून जवळपास शिजलं की जाळी खाली आणा आणि सतत उलटत राहा. थर काही मिनिटांत धरतो.

गुलाबी रंगावर मात्र जाऊ नका. कोंबडी पूर्ण शिजली तरी हाडालगत गुलाबी दिसू शकते. थर्मामीटरच हवा, टोक हाडाला न टेकवता. कोंबडी ७४ अंश सेल्सिअस. बकऱ्याच्या मांडीचा अख्खा तुकडा ६३ अंशांना उतरवून निदान ३ मिनिटं तसाच ठेवा.

आच टिकवायची तर बाजूला दुसरा विस्तव पेटता ठेवा. लाकूड तिथेच जळू द्या आणि तयार निखारे तेवढे जाळीखाली ओढा. मांसाखाली ज्वाळा येऊच द्यायची नाही. हे एक जमलं की निम्मी अडचण सुटते.

जाळीच्या सळ्या गोल आहेत की पन्हळीच्या? पन्हळीच्या असतील तर जाळी पुढे किंचित उतरती करून खाली भांडं लावा. बरीचशी चरबी त्यात जाते, भडका खूप कमी होतो.