‘अ‍ॅट्रिब्यूट काढ’ म्हणजे नक्की काय कर?

विचारणा :
गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी एक्सएमएलमध्ये (माहिती टॅगांत मांडून ठेवायची पद्धत) आहे. ती वाचून वेबपानावर दाखवणारी छोटी स्क्रिप्ट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली. पुढे ती सांभाळणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं करतोय. एक नोंद अशी :

<पुस्तक भाषा="मराठी" किंमत="२५०">…</पुस्तक>

(हो, टॅगची, म्हणजे कंसातल्या अशा खुणांची, नावं देवनागरीत चालतात. १९९८च्या पहिल्या आवृत्तीपासून.) अ‍ॅट्रिब्यूटला (इथे भाषा, किंमत) काय म्हणू? आणि व्हॅल्यूला (मराठी, २५०)? गुण, गुणधर्म, विशेष, सगळं लिहून खोडलं.

प्रतिसाद :
गुणधर्म. ‘गुण’ नकोच. उद्या कुणी निकालपत्रक असंच केलं, <विद्यार्थी गुण="८२">, की तुम्ही लिहिणार ‘गुण या गुणाचं मूल्य ८२’.

प्रतिसाद :
गुणधर्म म्हटलं की मला प्रोग्रामिंगमधली प्रॉपर्टी आठवते. व्याकरणातलं ‘विशेषण’ कसं वाटतं? टॅग हे विशेष्य, त्याला चिकटलेलं ते विशेषण.

प्रतिसाद :
ऐकायला छान, पण बसत नाही. ‘लाल फूल’ यात विशेषण आहे ‘लाल’. अ‍ॅट्रिब्यूट मात्र ‘रंग’, आणि लाल ही त्याची व्हॅल्यू. तुमचं विशेषण चुकीच्या खुर्चीवर बसतंय.
व्हॅल्यूसाठी शाळेतला शब्द तयार आहे : ‘क्षची किंमत काढा’. पण या यादीत ‘किंमत’ची किंमत २५० म्हणावं लागेल. ‘मूल्य’ घ्या. पुस्तकांवर ‘मूल्य : २५० रुपये’ छापतात, तेवढा गोंधळ चालवून घेऊ.

प्रतिसाद :
नामांवरून भांडताय, मला क्रियापदानं बुडवलंय. नव्या मुलाला फोनवर सांगितलं, ‘प्रत्येक नोंदीतून भाषा काढ.’ मला म्हणायचं होतं, वाचून दे. त्यानं इमानदारीत अनसेट (उडवायची आज्ञा) वापरलं, फाइल सेव्ह केली, सगळ्या नोंदींची भाषा गेली. त्याचं काय चुकलं? चित्र काढतो, दात काढतो, क्षची किंमत काढतो. एकात नवीन येतं, एकात असलेलं जातं, एकात दडलेलं हाती लागतं. तेव्हापासून माझा नियम : वाचायचं असेल तर ‘काढून घे’, उडवायचं असेल तर ‘काढून टाक’. नुसतं ‘काढ’ टिपणांत येऊ द्यायचं नाही.

आणि हे जरूर लिहा, सिंपलएक्सएमएल (पीएचपीतलं एक्सएमएल वाचायचं साधन) वापरत असाल तर :

$पुस्तक->भाषा
$पुस्तक['भाषा']

पहिली ओळ टॅगच्या पोटातला ‘भाषा’ नावाचा टॅग शोधते. दुसरी टॅगच्या अंगावरचा अ‍ॅट्रिब्यूट. पोटचं पोर आणि अंगावरचा दागिना, असं सांगितलं की कुणी विसरत नाही. दागिना एकाच नावाचा दोनदा घालता येत नाही, पोरं कितीही.

प्रतिसाद :
दागिना हाती आला तरी तो डबीत असतो. $पुस्तक['भाषा'] === 'मराठी' हे कधीच खरं होणार नाही, कारण डावीकडे स्ट्रिंग (नुसती अक्षरं) नसून ऑब्जेक्ट असतो. आधी स्ट्रिंग करून घ्या :

$भाषा = $पुस्तक['भाषा'] . '';

माझी एक दुपार यात गेली आहे. आणि किंमत देवनागरी आकड्यांत का लिहिलीत? पीएचपी ‘२५०’ला संख्या मानत नाही. पूर्णांकात बदलाल तर हाती शून्य.

विचारणाऱ्याकडून :
अरे देवा, म्हणजे एकूण किंमत शून्य दिसत होती ती यामुळे! आकडे बदलतो.
टिपणात आता असं लिहिलंय : ‘पुस्तक या टॅगच्या अंगावरच्या भाषा या अ‍ॅट्रिब्यूटचं मूल्य काढून घ्या, स्ट्रिंग करा, मग तुलना करा.’ अ‍ॅट्रिब्यूट तसाच ठेवला. ‘अंगावरचा’ राहू देऊ ना?

प्रतिसाद :
राहू द्या. फक्त ‘काढून घ्या’ ठळक करा.