सेकिरो: पेटत्या शिंगांच्या बैलाने जीव नकोसा केलाय, मदत हवी आहे

लोकहो, पीएस४ वर सेकिरो हा व्हिडिओ गेम खेळतोय. खेळ २०१९ चा, म्हणजे माझं नेहमीचं वरातीमागून घोडं. तो घोड्यावरचा ग्योबु चौथ्या खेपेला पाडला, तेव्हा कॉलर जरा ताठ झाली होती. पुढे आशिना किल्ल्याच्या वाटेवर हा बैल आला आणि सगळी उतरली. डोक्यावर पेंढ्याचा पेटता भारा. पोळ्याला बेगड लावतात तेच बरं.

काल रात्री १९ वेळा मेलो. होतं असं, की तो धावत आला की मी एल१ दाबून तलवार आडवी धरतो. धडक अडते, पण आगीचा मीटर भरतो आणि मी पेटतो. लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवणं) ठेवलं तर तो बाजूने सुसाट गेला की कॅमेरा गर्रकन फिरून भिंतीला चिकटतो आणि स्क्रीनभर नुसतं त्याचं ढुंगण. मग खुरांचा आवाज वाढत जातो आणि आपण समजून जायचं.

वार करायचा नेमका कधी? आणि पोश्चर (शत्रूचा तोल किती ढळला ते दाखवणारी पट्टी) भरायचं की आधी रक्त उतरवायचं? डिफिकल्टी कमी करायची सोय नाही हे मला माहीत आहे, तेवढं सांगायला कृपया येऊ नका.

रात्रपाळी: फटाके घेतलेत का? आउटस्कर्ट्समध्ये, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या भागात, पायऱ्यांच्या मूर्तीजवळ तंबूत बसलेला म्हातारा दुकानदार ५०० सेनला (खेळातले पैसे) देतो. ते देवळातल्या मूर्तिकाराकडे नेऊन कृत्रिम हातात बसवून घ्या. जनावरं फटाक्यांना बिचकतात. ग्योबुचा घोडासुद्धा, म्हणजे तुम्ही तो उगाच अवघड करून मारलात 😀 फक्त लांबून उडवू नका, अगदी तोंडापाशी आल्यावर उडवा, नाहीतर एम्ब्लेम (हातातलं हत्यार वापरताना खर्च होणारी चिन्हं) वाया.

धागाकर्ता: ५०० कुठून आणू? मेलं की निम्मे सेन जातात. आत्ता १४० आहेत.

रात्रपाळी: मग बैलाकडे फिरकूच नका. मागे जाऊन शिपाई मारा, ५०० झाले की थेट दुकान. बॅगेत नाण्यांच्या थैल्या असतील तर त्या फोडा, थैल्या मेल्यावर जात नाहीत.

खुरपं: फटाके ठीक आहेत, पण तुमचा खरा घोळ उभं राहण्यात आहे. या बैलासमोर उभं राहायचंच नाही. लॉक-ऑन काढा आणि पळण्याचं बटण सोडू नका. तो आला की तिरकं पळत त्याच्या कुशीला जा. पुढे जाऊन तो घसरत वळतो, तेवढ्यात मागच्या पायांवर दोन-तीन वार, की परत पळा. चौथ्याचा मोह नको. पोश्चरचा विचार आत्ता सोडा, रक्त उतरलं की त्याचा ढळलेला तोल आपोआप हळू सावरतो. पेटलात तर डाउझिंग पावडर (आग विझवणारी पूड).

धागाकर्ता: पडला! थैल्यांत ३०० निघाले, उरलेले शिपायांकडून. फटाके दोनदाच लागले, बाकी सगळी पळापळ. लॉक-ऑन काढल्यावर तो पहिल्यांदा पूर्ण दिसला. लाल ठिपका (शेवटचा वार करायची खूण) आला तेव्हा मी सवयीने अजून पळतच होतो, परत फिरून आर१ दाबावं लागलं.